वॉल्टरचा बॉल आणि माझा स्पंज

फाट्ट! चामड्यावर कुणी जोरात थप्पड मारावी तसा तो आवाज. बहरीनला सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमागे मैदान होतं, तिथून दर शुक्रवारी यायचा. मी गाड्यांच्या सीटा शिवायचो. तो आवाज आला की हातात सुई ठरायची नाही. उठून बघायला जायचो. सीटच्या फटीत काय काय साठत जातं, तसे वॉल्टरचे किस्से माझ्याकडे साठले.

वॉल्टर अमेरिकन. तिकडे बेसबॉल खेळायचा पगार घ्यायचा, तोही पंचेचाळिशी उलटेपर्यंत. शेवटी टीम बंद पडली, हा नाही! इकडे नोकरीला आला आणि शुक्रवारच्या टीममध्ये बॉल टाकायला लागला. तेव्हा साठीला टेकला होता.

त्याचा बॉल पकडायचा वसईचा फिलिप, हॉटेलच्या लाँड्रीतला. पहिल्याच दिवशी तळवा टम्म सुजवून माझ्याकडे आला.

"नाना, सीटचा स्पंज द्या थोडा. म्हातारा हात तोडणार माझा!"

मी जाड तुकडा कापून त्याच्या ग्लव्हमध्ये बसवून दिला. आपल्या बॉलला अजून स्पंज लागतो हे कळल्यावर वॉल्टर दिवसभर खूश!

*

फिलिप मूळचा क्रिकेटवाला. बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट टाकून पळायचं असतं. हा बॅट घेऊन पळाला आणि पोचल्यावर ती जमिनीला टेकवलीसुद्धा! सगळे हसायला लागले.

वॉल्टर म्हणाला, "आणू दे रे. घरी जाताना मला काठी होईल!"

*

एकदा गेटवर वॉचमनने रेसिडेंट कार्ड मागितलं. वॉल्टरने जन्मतारखेवर अंगठा दाबून दाखवलं.

"अंगठा काढ ना," फिलिप म्हणाला.

"पगारी खेळाडूने मॅनेजरला वय दाखवायचं नसतं."

"अरे, हा वॉचमन आहे!"

"आज वॉचमन. उद्या मॅनेजर झाला तर?"

*

वॉल्टर बाकावर कधी बसायचा नाही. आपली पाळी नसली की येरझाऱ्या. मी म्हटलं, "सिट, सिट." तर म्हणाला, "बाकावर बसलेल्याला टीम विसरते, नाना."

*

त्यांच्यात एक रीत आहे. बॉल टाकणाऱ्याला थांबवायचं तर कॅप्टन त्याच्याजवळ जाऊन हात पुढे करतो. त्याने मुकाट्याने हातावर बॉल ठेवायचा आणि निघायचं. आमचा तरुण कॅप्टन एकदा गेला, हात पुढे केला. वॉल्टरने खिशातला खजूर काढून त्याच्या हातावर ठेवला!

"खा. आणि यल्ला, चल निघ!"

कॅप्टन खजूर चघळत परत!

*

पुढे एका वर्षी मी नवा स्पंज कापून ठेवला, पण फिलिप न्यायला आलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "जुनाच चालतोय, नाना." आणि बाहेर बघत राहिला.

त्या शुक्रवारी वॉल्टरचे बॉल लोक लांब लांब मारत होते. कॅप्टन जागचा हलला नाही. त्याला पुन्हा खजूर नको असावा!

खेळ जरा थांबला तेव्हा फिलिप ग्लव्ह बाकावर ठेवून पाणी आणायला गेला. येरझाऱ्या घालणाऱ्या वॉल्टरने तो सहज उचलला, आत हात घातला. काढला. परत घातला. मग ग्लव्ह उलटा करून झटकला. आतून काहीच पडलं नाही.

फिलिप पाण्याचे दोन ग्लास घेऊन तिथेच थबकला. "वॉल्टर, ते... फार गरम होत होतं म्हणून..."

वॉल्टरने ग्लव्ह नीट बाकावर ठेवला. कॅप्टनपाशी गेला. कॅप्टनने हात पुढे केलाच नव्हता. वॉल्टरने तो स्वतःच धरून उघडला, त्यावर बॉल ठेवला आणि गेटकडे चालू लागला.