पॉट गार होऊ नयेत म्हणून

माझे भावोजी घड्याळ घालत नसत. ते अॅल्युमिनियमच्या कारखान्यात, पॉटरूममध्ये होते. तिथे विजेचा प्रवाह इतका प्रचंड की त्याच्या चुंबकामुळे काट्यांची घड्याळं माना टाकतात आणि खिशातल्या किल्ल्या कापड ताणून आडव्या उभ्या राहतात. "किल्ल्यासुद्धा माझ्याआधी कामाला लागतात," असं ते म्हणत. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्यांच्या प्रत्येक पँटचा तोच खिसा शिवून कंटाळली होती.

पॉट म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी आणि आत लालभडक वितळलेला रस. त्यात खनिजापासून केलेली पांढरी पूड टाकायची, वरून कार्बनचे ठोकळे सोडायचे आणि वीज खेळवायची, की धातू तळाशी साचतो. पूड कमी पडली की पॉटवरचा दिवा लागतो. "भूक लागली," म्हणतात तिथे. भावोजींना ती भूक दिवा लागायच्या आधी, नुसत्या आवाजावरून कळायची. मात्र वीज काही तास बंद पडली तर रस गोठतो. मग पॉट कसला, धोंडा.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. आवर्तसारणीत डावीकडचे इलेक्ट्रॉन देणारे, उजवीकडे सरकाल तसे मागणारे, आणि वर उजव्या कोपऱ्याशी ऑक्सिजन झोळी पसरून बसलेला. सोनं त्याला भीक घालत नाही, म्हणून ते मातीत मोकळं सापडतं. लोखंड त्याच्या तावडीत सापडलं तरी भट्टीतला कोळसा सोडवून आणतो. अॅल्युमिनियमची मात्र अशी मिठी बसते की तिथे कोळशाची डाळ शिजत नाही, वीजच लागते. हे एकदा ऐकून भावोजी म्हणाले, "म्हणजे तुझी ताई सोनंच. इतक्या वर्षांत माझं एक म्हणणं तिला चिकटलं नाही."

"एवढं सोनं घरात आहे, तर माझ्या अंगावर कसं दिसत नाही?" ताई म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी जेवता जेवता भावोजी ताटावरच कलंडले. हृदयाचे ठोके मध्येच थांबतात, असं निघालं. डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितलं, तोही लगेच. भावोजींनी एवढंच विचारलं, "तो घेऊन पॉटरूममध्ये जाता येईल?"

"अजिबात नाही. तिथल्या चुंबकाजवळ यंत्राचा भरवसा नाही."

"मग निवृत्त झाल्यावर बघू," म्हणून हे महाशय चपला घालून घरी.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "भावोजी, त्या कारखान्याला तुमची काही पडली आहे का?"

"नसेल. पण माझे पॉट म्हातारे झालेत. त्यांची खोड नव्या लोकांना कळत नाही. एखादा गोठला की गेलाच."

"आणि तुम्ही गोठलात तर?"

यावर ते हसले. या माणसाच्या हसण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. ताई भांडून भांडून थकली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपायला लागली. झोपायला कसली, ठोके मोजायला. कारखान्यातल्या साहेबांच्याही कानावर सगळं गेलं होतं. त्यांनी "तब्येतीला जपा" म्हटलं आणि यांना होते तिथेच ठेवलं. जपा म्हणायला काय जातं? दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला साहेब नेहमीच तयार.

अशात एका दुपारी भावोजी वेळेआधीच घरी आले. वीज महागली होती, धातूचा भाव पडला होता, आणि वरच्या लोकांनी भावोजींच्या पॉटची रांगच बंद करायचं ठरवलं होतं. दुरुस्त्या नाहीत, बिघाड नाही. चांगले चालते पॉट बटण दाबून गार केले. ज्यांच्यासाठी हा माणूस स्वतःचं काळीज टांगणीला लावून बसला होता, ते.

त्यांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "आवाज थांबला आणि या मांडीवर आपटल्या," ते म्हणाले. मग ताईला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

पेसमेकर बसला. त्याची डबी टायटॅनियमची होती, तोही ऑक्सिजनला असाच चिकटणारा धातू. आठवड्याभरात साहेब फळं घेऊन भेटायला आले. ताईने चहा केला.

"आता तुम्हाला आत यायला काही हरकत नाही," साहेब मोठी खूशखबर दिल्यासारखं म्हणाले. "करंटच नाही, तर चुंबक कुठलं? गोठलेले पॉट फोडून रिकामे करायचेत. हाताखाली माणसं देतो, तुम्ही नुसतं उभं राहून सांगा. त्यांची माहिती तुमच्याइतकी कुणाला आहे?"

मी तोंड उघडणार होते. ताईने माझा हात दाबला.

भावोजींनी विचारलं, "सगळे गोठले?"

"सगळे."

"जिवंत ठेवायचे असते तर याही छातीनं आलो असतो साहेब. मढी फोडायला दुसरं कुणी बघा."

साहेब काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी कपासाठी हात पुढे केला. त्याआधीच ताईने तो उचलून आत नेला होता. अर्धा चहा अजून त्यात होता.