मामाजींचं एकच क्रियापद

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत इंग्रजी बोलणारे हजारो असतील, पण एका इंग्रजी क्रियापदावर जीव लावलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी अकोल्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो आणि माझा जीव कुठल्याच क्रियापदावर नाही. मामाजी चांदूर बाजारजवळ भाजीपाला पिकवतात आणि ‘टेक’ या शब्दाचे उपयोग गोळा करतात. रद्दीत मिळालेली एक जाडजूड डिक्शनरी चाळताना त्यांना दिसलं, की बाकीचे शब्द दोन-चार ओळींत आटोपलेत आणि ‘टेक’ पानामागून पान पसरलाय. ते अजून त्याच आदराने सांगतात, “एका शब्दाले चार पानं! आपल्या गावात येवढं वावर कोनाकडे हाये?”

चहा घेणं, शपथ घेणं, औषध घेणं. जिथे आपलं ‘घेणं’ इंग्रजांच्या ‘टेक’शी जुळतं तिथे त्यांना सोयरीक जमल्याचा आनंद होतो. फोटो मात्र आपण काढतो आणि इंग्रज घेतो, हे त्यांना आजही खटकतं. अमरावतीच्या बाजारात त्यांना ‘टेक’चा नवा उपयोग सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट मिळायची. एक बाई एकदा चिडून म्हणाली, “मामा, सांबार द्याचा असंल तं द्या, मले पेपर नाई लिवाचा!” माझ्या लग्नात तर त्यांनी माझ्या सहकाऱ्यांना पंगतीत गाठून शब्दाचं मूळ सांगितलं. इंग्रजांकडे घेण्यासाठी आधी वेगळाच शब्द होता; मग उत्तरेकडून समुद्रावरून लोक आले, त्यांनी हा आणला. “पाव्हना म्हनून आला अन् घरमालक झाला पाहा!” कढी गार झाली, पण एकही जण उठला नाही. माझ्या वर्गात इतकं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी ‘टेक’चे उपयोग लिहून ठेवलेलं आपलं रजिस्टर माझ्या हाती दिलं. “जवाईबापू, सवडीनं पाहा. तुमी पास म्हनलं का आपलं काम झालं.” मी ते कपाटावर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. आमच्याकडे जावयाला तगादा लावत नाहीत. मामाजी वांग्यांची थैली घेऊन घरी यायचे, कपाटाकडे तोंड करून बसायचे आणि कांद्याच्या रोपांबद्दल बोलायचे. बायको विचारायची, “मामा, वर काय पाहून राहिले?” “काई नाई वं, पंखा.” एकदा मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, “मामाजी, पाहिलं सगळं. परिपूर्ण आहे. आता काहीच राहिलं नाही.” एक पानही मी उघडलं नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

महिन्याभराने मामीजींचा फोन आला. “जवाईबापू, तुमी तुमच्या मामाजीले काय म्हनलं? बजारात आता कोनाले काई पुसत नाई. वावरातून आले का नुसते बसून राह्यते. म्हनते, काम संपलं.”

तेव्हा मी रजिस्टर खाली काढलं. पानापानावर माझ्यासाठी प्रश्न होते, आणि प्रत्येकाखाली माझ्या उत्तरासाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.

त्या रविवारी रजिस्टर घेऊन मी चांदूर बाजार गाठलं. मामाजी ओट्यावर मिरच्या निवडत होते. मी उभ्यानेच सांगितलं, “मामाजी, मी वाचलंच नव्हतं. खोटं बोललो.”

त्यांचा हात थांबला. दारातून मामीजी माझ्याकडे बघत होत्या. आता मामाजी जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

“म्हंजे,” मामाजी हळूच म्हणाले, “राह्यलं हाये अजून?”

“खूप राहिलंय.”

“मंग बसा ना! उभे काहून?” त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं. रजिस्टर उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि माझ्याकडे सरकवलं. “तुमीच वाचा. मले आता बारीक दिसत नाई.”

मी वाचलं. ‘इंग्रजीत राग घेता येते, अभिमान घेता येते, दया घेता येते. मंग दुःख काहून घेता येत नाई? जवाईबापूले विचारने.’

मला उत्तर येत नव्हतं. तसं मी सांगितलं. मामाजींनी मान डोलावली, अगदी समाधानाने, आणि मामीजींना चहा ठेवायला सांगितला. मी पुढचा प्रश्न शोधू लागलो. अक्षर त्यांचंच होतं, मोत्यासारखं. तीन वर्षांपूर्वी ते त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत होतं.