धुतलेली बाटली

पाहुण्यांनी माझी बाटली उचलली. नाकाशी नेली. लगेच टेबलावर ठेवली.

"ये नई नहीं है," ते म्हणाले.

आमचे सर हसले. "हिची आई भंगारात काम करते सर. हिला बाटल्यांचा काय तोटा?"

सगळा वर्ग हसला. पाहुण्यांनी खिशातून सॅनिटायझर काढलं आणि माझ्यासमोर, सावकाश, एकेक बोट चोळून हात साफ केले. मग पुढच्या मुलाकडे वळून म्हणाले, "हाँ बेटा, दिखाओ."

माझं एक वाक्यही बोलून झालं नव्हतं. पण ते हसले याचं मला तेवढं लागलं नाही. त्यानंतर मी जे बोलले ते लागलं. मी म्हणाले, "नाही सर, विकत आणली आहे."

कोणी विचारलंही नव्हतं. भर वर्गात मी माझ्या आईला नाकारलं, आणि ते ऐकायलासुद्धा कोणी थांबलं नाही.

नागपुरातलं डिझाइनचं खासगी कॉलेज. मी तिसऱ्या वर्षाला, स्कॉलरशिपवर. हे 'स्कॉलरशिपवर' सर हजेरी घेतानाही आठवणीनं बोलायचे. पाहुण्यांचा दारूचा कारखाना होता. त्यांना आता संत्र्याची महागडी ब्रँडी काढायची होती. नाव, लेबल, खोका, सगळं आम्ही करायचं. ज्याचं पसंत पडेल त्याला परीक्षा झाल्या झाल्या त्यांच्या ऑफिसात नोकरी. मला ती नोकरी हवी होती. आईला त्या गोदामातून बाहेर काढायचं होतं.

आमच्या घरात दारू येत नाही. पणजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून नाही. आणि माझी आई दिवसभर दारूच्या बाटल्यांत हात घालून बसते. उत्तर नागपुरातल्या एका गोदामात बारमधून, लग्नाच्या हॉलमधून, उकिरड्यावरून रिकाम्या बाटल्या येतात. बायका त्या सोड्याच्या पाण्यात भिजवतात, लेबल खरवडतात, ब्रशनं आतून घासतात, उजेडात धरून बघतात. संध्याकाळी आई बसमध्ये चढली की शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकते. लोकांनी प्यायची आणि वास माझ्या आईच्या अंगाला. तिच्या बोटांची कातडी पार झिजली आहे. रेशनच्या दुकानात मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "बाई, हात धुऊन या."

प्रोजेक्ट मिळाला तेव्हा मी तिलाच विचारलं होतं, चांगलं लेबल कोणतं?

"जे सुटते ते," ती म्हणाली. "खळीनं चिकटवलेला कागद पाण्यात पडला का सुटते. हे चमकणारं पन्नीचं असते ना, ते ब्लेडनं काढा लागते. मंग बोट कापते. अन् तेच बोट सोड्यात घाला लागते."

कॉलेजात तीन वर्षं मला लेबल कसं दिसावं हेच शिकवलं होतं. ते नंतर कोण काढतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी जाड देशी कागद घेतला. त्याची एकच लांब पट्टी, बाटलीभोवती गुंडाळलेली, संत्र्याच्या रंगाची, खळीनं चिकटवलेली. पाण्यात ठेवली की संत्र्याच्या सालीसारखी एका दमात निघायची. कच्चं डिझाइन दाखवताना ही कल्पना कुठून आली ते मी फक्त सरांना सांगितलं होतं. बाटली आईनं निवडली. लांब मानेची, परदेशी. तीनदा धुतली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणली. "पाह्य, एक डाग नाही," म्हणाली. खरंच नव्हता. पाहुण्यांनी काय हुंगलं, कोण जाणे.

वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. "सोमवारी ते परत येतील. नवी बाटली आण. आणि ते लेबल सुटण्याचं खूळ काढून टाक. ब्रँड गिऱ्हाइकासाठी असतो, भंगारवालीसाठी नसतो. महाल दाखव, राजघराणं दाखव, सोनेरी अक्षरं टाक."

मी मान डोलावली. हो, डोलावली.

घरी आले तर आई दारातच. "आवडली काय वं त्याईले?"

"आवडली."

"मी धुतली म्हणून सांगितलं काय?"

मी दप्तर आवरायला लागले. त्यातून पाहुण्यांच्या कंपनीची फाइल खाली पडली. वर छापलेला शिक्का बघून आई म्हणाली, "हे तं आपलेच शेठ!"

आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण तो शिक्का ती रोज नखांनी खरवडते.

"आपले कसे?"

"दर शुक्रवारी याईचीच गाडी येते ना. देशीचे धुतलेले पव्वे सारे याईच्याच कारखान्यात जाते. त्यातच भरते ते."

मी मोठ्यानं हसले. आई म्हणाली, "काहून हसून राहिली?" मी फाइल उलटी करून ठेवली. संताप आला होता, आणि तो निम्मा माझ्यावरच होता.

सोमवारी मी तीच बाटली नेली. सोबत घरचं पातेलं. टेबलावर पातेलं ठेवून पाणी ओतलं, बाटली आत ठेवली. वर्गात मी कायम पुस्तकी बोलायची, अगदी जपून. त्या दिवशी घरचं बोलले.

"हे बाटली माह्या आईनं धुतली. विकत आणली म्हणून मी खोटं बोलली होती. तुमच्या कारखान्यात शुक्रवारी जाते ते पव्वेही माही आईच धुते. त्यात तुम्ही दारू भरता. तवा हात पुसता काय?"

कोणी हसलं नाही. पाण्यात लेबल सुटलं. एका दमात, अख्खं. मी ते उचलून त्यांच्यासमोर ठेवलं.

पाहुणे चिडले नाहीत. लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, "वो माल अलग है बेटा. वो पीनेवाले अलग हैं."

त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. म्हणजे बाटली घाण नव्हतीच. वस्तीत जाणाऱ्या दारूला माझ्या आईचा हात चालत होता. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर मात्र चालत नव्हता. पिढ्यान्पिढ्या आमच्या घरानं हे ऐकलंय, फक्त सॅनिटायझर नवीन होतं.

"बाहेर हो," सर म्हणाले.

त्या विषयात मला नापास केलं. एका मुलाची महालाच्या चित्राची बाटली पसंत झाली, नोकरी तिकडे गेली. आईला सगळं सांगितलं, विकत आणल्याचं खोटंही. ती भडकली. "तोंड बंद ठेवलं असतं तं काय बिघडत होतं? शेठनं गोदामात सांगितलं तं माहं काम जाईन." मग ताट वाढताना खालच्या आवाजात विचारलं, "सुटलं काय पण लेबल?"

"अख्खं सुटलं."

ती सकाळी उठून कामावर गेली. काम अजून तरी गेलेलं नाही. रोज संध्याकाळी ती दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्या भीतीची धनी मीच आहे, हे मला कळतं.

कालच फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. तोच विषय, तेच सर. आईचा व्यवसाय, या रकान्यात मी तीन वर्षं 'गृहिणी' लिहीत आले. या वेळी लिहिलं, 'दारूच्या बाटल्या धुते'. अक्षर मोठं काढलं.

बाटली हीच नेणार आहे. लेबलही हेच. पुन्हा नापास करतील, तर पुन्हा हीच नेणार. सॅनिटायझर ज्याचं त्यानं घरून आणावं.