काका आणि फ्लूची सुई

ऊन जरा माणसात आलं की आमच्या कंपनीला आमच्या तब्येतीची आठवण होते. त्या वर्षी इथे आखातात, मुसफ्फातल्या वर्कशॉपच्या मेसमध्ये नर्स फ्लूची लस घेऊन आली. सुरुवातीला रांगेत मी आणि एक भेदरलेला पेंटर, एवढेच. मग कुणीतरी आवई उठवली, की लस घेणाऱ्याला दुपारनंतर सुट्टी. बघता बघता रांग गेटपर्यंत गेली. सुट्टी कसली नि काय! पण ते कळेपर्यंत निम्म्या लोकांच्या बाह्या वर झाल्या होत्या.

माझ्या खोलीतले काका मात्र खुर्चीवरून हलले नाहीत. काका गुहागरकडचे, वेल्डर. खोलीत सर्वांत सीनियर, त्यामुळे डॉक्टरकीही त्यांच्याकडेच.

"सर्दीला कसली सुई? माझ्याकडे सुंठ आहे."

"काका, फ्लू म्हणजे सर्दी नव्हे."

"तू स्टोअरकीपर ना? नट-बोल्ट मोज."

डिसेंबरात मलाच ताप भरला. काकांना झालेला आनंद त्यांना लपवता येईना. सुंठेचा काढा घेऊन ते माझ्या उशाशी बसले. "सुई घेतलीस ना? खलास, हबीबी! वर ताप फुकट!" मलाही वाटलं, उगाच दंड दुखवून घेतला.

चार दिवसांत मी कामावर गेलो आणि काका आडवे झाले. माझ्या तोंडाशी बसून काढा पाजल्याचं फळ. त्यांचा ताप उतरेना, खोकून बरगड्या दुखायला लागल्या, भिंत धरल्याशिवाय बाथरूमपर्यंत जाता येईना. मी टॅक्सीत घालून त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. तिथे सलाइन लावलं.

मी डॉक्टरांना विचारलं, "माझं थोडक्यात निभावलं ते लसीमुळे?"

"तुझ्या एकट्याचं कसं सांगणार? लस घेऊनही फ्लू होतो, पण सहसा इतका लोळवत नाही. यांच्या वयात तर घ्यायलाच हवी."

तेवढ्यात गावाहून काकूंचा व्हिडिओ कॉल आला. "सुई घेतली होती का यांनी?" काकांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मी खरं ते सांगितलं, "नाही."

"घेतील कशी! लग्नाआधी रक्त तपासायचं म्हटल्यावर दवाखान्याच्या मागच्या दाराने पळाले होते!"

मिटल्या डोळ्यांनी काका पुटपुटले, "फोन ठेव रे."

पुढच्या वर्षी माझी सुई झाल्यावर मीच त्यांना रांगेत उभं केलं. रोज तोंडापुढे ठिणग्या उडवणाऱ्या त्या माणसाने माझा हात असा आवळला, की मला सुईपेक्षा तोच जास्त दुखला. "यल्ला, लवकर कर बाई!"

"हो गया, चाचा," नर्स म्हणाली.

काकांनी एक डोळा उघडला. "मग आधी सांगायचं ना!"

त्या हिवाळ्यात मला काही झालं नाही. काकांना एकदा साधीशी सर्दी झाली. तिच्यासाठी त्यांनी मला जबाबदार धरलं, आणि आठवडाभर मला खोलीत पंखा लावू दिला नाही.