वाढत्या अंगाचे बूट

त्या गल्लीत मास्तर म्हटलं की शाळेतले मास्तर कुणाच्या डोळ्यांसमोर येत नसत. मास्तर म्हणजे शिवणकाम करणारे मास्तर. खाली दुकान, त्यात दोन मशिनं आणि एक लांबलचक कापायचं टेबल. वर दोन खोल्या, आणि मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. चार शाळांचे गणवेश या एका दुकानात शिवून होत. शाळा उघडायच्या आधीचा महिना मास्तरांना मान वर करायला फुरसत नसे. वर त्यांची बायको काजं-बटणं करत बसायची आणि मुलगी तिच्याभोवती धावत असायची.

लहान मुलाचा कपडा मास्तर कधीही नेमक्या मापाचा शिवत नसत. सगळं वाढत्या अंगाचं. खाली चार बोटं दुमड, कमरेत दोन्ही बाजूंना दडवलेलं कापड, बाह्यांना आतून दुहेरी घडी. दर वर्षी एकेक शिवण उसवायची, की कपडा मुलाबरोबर वाढत जायचा. एका गणवेशात तीन वर्षं सहज निघायची. आया खूश. मुलं पहिलं वर्षभर थोरल्या भावंडाचे कपडे घातल्यासारखी दिसायची, पण त्याचं कुणी मनावर घेत नसे.

ही सवय दुकानापुरती राहिली नव्हती. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे. कुठे गावाला जायचं तर गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर. स्वतःच्या लग्नाचा सूट त्यांनी स्वतःच शिवला होता, आणि तेव्हा काडीसारखे असूनही पोटाच्या जागी ऐसपैस कापड सोडलं होतं. "आधी पोटाची सोय झाली, मग पोट आलं," असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची. मास्तरही हसायचे. पुढचं बघून ठेवावं, यात चुकलं काय, असं त्यांना मनापासून वाटे.

फक्त मुलीच्या बाबतीत पुढचं काही बघता आलं नव्हतं. लग्नानंतर चौदा वर्षांनी ती झाली, तेव्हा मास्तरांची पंचेचाळिशी उलटली होती. वर्षाची झाली तरी उभी राहीना. दीड वर्षाची झाली तरी नाही. जिथे बसवावं तिथे बसून राहायची आणि गोड हसायची. पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून, ताणून पाहिले आणि म्हणाल्या, "काही मुलं उशिरा चालतात. थांबा." मास्तर थांबले. मशीन चालवता चालवता त्यांचं लक्ष टेबलाखाली चिंध्यांशी खेळणाऱ्या पोरीच्या पायांकडे असे. सव्वादोन वर्षांची असताना एका दुपारी तिने टेबलाचा पाय सोडला आणि तीन पावलं चालत मास्तरांच्या गुडघ्यावर येऊन आदळली. त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं.

पण चालणं तिने जेमतेम आठवडाभर केलं असेल. मग ती जी पळत सुटली ती सुटलीच. पाणी प्यायला पळत, झोपायला पळत, रुसून कोपऱ्यात बसायचं तर तिथेही पळत. पायाला भिंगरी लागली आहे म्हणता म्हणता तिचं नावच भिंगरी पडलं. खाली मशीनवर बसलेल्या मास्तरांच्या डोक्यावर दिवसभर धाडधाड, धाडधाड चालू असे. गिऱ्हाईक छताकडे बघून म्हणायचं, "मास्तर, वर काय हत्ती पाळलाय?"

"हत्ती नाही हो, आमची कन्या," मास्तर म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की गिऱ्हाईक पुढची चेष्टा गिळून टाकायचं.

तर ही भिंगरी पाच वर्षांची झाली आणि तिचं शाळेत नाव घातलं. गणवेश घरचाच होता, अर्थात चार बोटं दुमड ठेवून. राहिले बूट. शाळा सोमवारी उघडणार होती. गुरुवारी दुपारी मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि लेकीला घेऊन बाजारातल्या बुटांच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. सगळा बाजार त्यांना ताई म्हणे. बुटकं स्टूल, गुडघ्यावर फडकं, हातात लाकडी मापपट्टी, अशा त्या दिवसभर लोकांच्या पायांशी बसलेल्या असत. शाळेला काळेच बूट हवे होते. त्यातले चार जोड ताईंनी मांडले. भिंगरीने एकावर बोट ठेवलं. पट्ट्याचा, आणि पट्ट्याला इवलंसं चंदेरी बक्कल. बक्कल लावलं की टक् वाजायचं. तिने ते सहा वेळा लावलं, सहा वेळा काढलं.

"झालं हिचं ठरवून," ताई म्हणाल्या. "दहा नंबर. घाल बेटा."

"बारा द्या," मास्तर म्हणाले.

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, पाय हिचा की तुमचा?"

"वाढतं अंग आहे. दोन वर्षं बघायला नको."

"अहो, हा फ्रॉक नाही. कापडाची शिवण उसवता येते. बुटाचं काय उसवणार?"

"पुढे कापूस भरतो. पट्ट्याला आत एक भोक पाडतो. झालं माप."

"मी सांगायचं काम केलं."

"ताई, तुमच्या मुलाची पँट तीन वर्षं चालली. चालली की नाही?"

पँट खरोखरच तीन वर्षं चालली होती. त्यांनी बारा नंबर काढून दिला. मास्तरांनी तिथेच स्टूलवर बसून दोन्ही बुटांत कापूस ठासला आणि बोटाने चाचपून बघितला. चार बोटं दुमड घातली की त्यांच्या हिशेबी कपड्याचं माप संपत असे. तसंच बुटाचंही संपलं.

"आता दिवसभर पायात ठेव हं," घरी येताना त्यांनी लेकीला बजावलं. "सोमवारपर्यंत सवय झाली पाहिजे."

भिंगरीने ते शब्दशः मानलं. शुक्रवारी उठल्या उठल्या तिने बूट चढवले, ते रात्री झोप लागल्यावर आईने काढले तेव्हाच उतरले.

आणि शुक्रवारी सकाळी मास्तरांच्या डोक्यावरची धाडधाड बंद झाली.

पहिला तासभर त्यांच्या लक्षात आलं नाही. कॉलर लावत होते. मग कसलं तरी चुकल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी मशीन थांबवलं. वर टप्... जरा वेळाने टप्... असा आवाज येत होता. मधेच काहीतरी फरफटल्यासारखं. मास्तर छताकडे बघत राहिले.

"अगं," त्यांनी जिन्यातून हाक मारली, "भिंगरी काय करतेय?"

"चालतेय," वरून बायको म्हणाली. "शाळेची मुलगी झाली ना, शहाणी झाली आजपासून. माझी दोऱ्याची रिळं तरी जागेवर राहिली."

मास्तर पुन्हा मशीनवर बसले. पण हात चालेना. जेवायची वेळ झाली तशी भिंगरी जिना उतरून येऊ लागली, आणि मास्तर मशीनवरून उठून जिन्याशी आले. ती पायऱ्या बसून उतरत होती. एका पायरीवर बसायचं, पाय खाली सोडायचे, मग खालच्या पायरीवर बसायचं. अडीच वर्षांची असताना उतरायची अगदी तशी.

"पाय दुखतो का गं?"

भिंगरीने मान हलवली. नाही.

"मग पळत का नाहीस?"

तिने बापाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि पुन्हा नुसतीच मान हलवली.

त्या दुपारी मास्तरांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. शनिवारी सकाळीही वर टप्, टप् सुरू झालं, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि वर जाऊन बायकोला म्हणाले, "चल. डॉक्टरीणबाईंकडे."

"कशाला?"

"तिचे पाय पुन्हा तसे व्हायला लागलेत."

बायकोच्या हातातली सुई तशीच राहिली. "काहीतरीच काय बोलता!" ती म्हणाली खरी, पण भिंगरी खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला एकेक पाय ओढत जात होती, ते बघून तिनेही पायांत चपला सरकवल्या.

मास्तरांनी लेकीला कडेवर घेतलं. पाच वर्षांची मुलगी कडेवर, दोन मोठे काळे बूट खाली लोंबत, आणि मास्तर फुटपाथवरून भराभर निघालेले. वाटेत दोघा-तिघांनी हाका मारल्या, त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. सोमवारी सगळी मुलं मैदानात पळतील आणि ही पायरीवर बसून बघत राहील, एवढं एकच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

डॉक्टरीणबाई आता थकल्या होत्या, तरी सकाळचे दोन तास बसत. मास्तरांनी सगळं सांगितलं. किती वाजता आवाज बंद झाला, किती पायऱ्या बसून उतरली, सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि भिंगरीलाच विचारलं, "काय गं, पळत का नाहीस?"

"सांडतात," भिंगरी हळूच म्हणाली.

"काय सांडतं?"

"बूट. पळलं की सांडतात."

बाईंनी खाली वाकून एक बूट ओढला. बक्कल न काढताच तो हातात आला. त्यांनी आत दोन बोटं घातली आणि कापूस ओढायला सुरुवात केली. कापूस येतच राहिला.

"मास्तर, हे बूट आहेत की उशी?"

"वाढत्या अंगाचे घेतले होते," मास्तर पुटपुटले.

"अंग वाढेल हो सावकाश. पण तिला शाळेत परवा जायचंय." त्यांनी दुसराही बूट काढला. "जा बघू बेटा, बाहेरच्या दरवाजाला हात लावून ये."

भिंगरी बाकावरून उतरली आणि सुटली. बाहेरच्या लांब बोळात बसलेल्या पेशंटांनी पटापट पाय आत घेतले. अनवाणी पायांची धाडधाड दरवाजापर्यंत गेली, तिथे थपकन आवाज झाला, आणि धाडधाड परत आली.

मास्तर तपासायच्या स्टुलावर मटकन बसले. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. "बूट निसटत होते, तर सांगायचं नाही का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही परत देऊन टाकले असते," भिंगरी म्हणाली. "मग टक् गेलं असतं."

"आणि तुम्ही मला म्हणालात बरोबर मापाचे आहेत," बायको मास्तरांकडे वळली. "दोन दिवस माझ्या जिवाला घोर! घरी चला, मग बघते."

"दोन दिवस कुठे? तू तर म्हणत होतीस शहाणी झाली."

"बघा बाई, उलट मलाच!"

"भांडण बाहेर जाऊन करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत खरे पेशंट यायचेत."

तिथून तिघं थेट बुटांच्या दुकानात. ताईंनी मास्तरांचा चेहरा पाहिला, भिंगरीचे अनवाणी पाय पाहिले, मास्तरांच्या हातातला कापूस पाहिला आणि तोंडाला पदर न लावताच हसल्या. मास्तरांनी ते हसू गुपचूप सोसलं. ताईंनी पट्टी जमिनीवर ठेवून भिंगरीला तिच्यावर उभं केलं. "बसल्या पायाचं माप खोटं असतं," त्या म्हणाल्या. "अंगाचा भार पडला की पाय पसरतो." मास्तरांनी मान डोलावली. ही गोष्ट त्यांना पटली. मापातलं त्यांना कळत होतं.

पण एक अडचण निघाली. बकलाचे बूट दहा नंबरात संपले होते. काल शेवटचा जोड गेला होता. दहात आता एकच प्रकार होता, साधा, पट्टा चिकटवायचा, ना चमक ना आवाज.

भिंगरीचा ओठ थरथरला. मास्तरांना राहवेना. त्यांच्या डोक्यात लगेच सुरू झालं, की कापूस थोडा कमी केला, टाचेला चामड्याचा तुकडा लावला, पट्टा आणखी आत... त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

ते खाली, लेकीच्या समोर जमिनीवर बसले. "तूच सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील ते."

भिंगरीने बराच विचार केला. मग एका पायात बकलाचा मोठा बूट घातला आणि दुसऱ्या पायात साधा. टक् करून बक्कल लावलं. ताईंना वाटलं, पोर खेळतेय. त्यांनी हात पुढे केला, पण मास्तरांनी खुणेने थांबवलं. भिंगरी दुकानाच्या टोकापर्यंत पळाली. चौथ्या पावलाला मोठा बूट उडून खोक्यांच्या ढिगावर जाऊन पडला. ती थांबली नाही. एका पायात बूट, एक पाय मोकळा, अशी तशीच धावत परत आली.

"हे," ती साध्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाली.

"नक्की?"

"हे सांडत नाहीत."

ताईंनी दुसरा बूट घातला, पट्टा चिकटवला आणि पुढे अंगठ्यापाशी दाबून दाखवलं. "एवढी जागा पुरे. वर्षभराने घट्ट झाले की परत या."

"येऊ," मास्तर म्हणाले. "दर वर्षी येऊ." आपण हे म्हणालो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मोठा जोड त्यांनी पिशवीत टाकला. त्याचे दिवस येतील तेव्हा येतील.

भिंगरी एकदा आरशापर्यंत जाऊन आली. मग काउंटरला वळसा घालून आली. तिसऱ्या फेरीला दुकान तिला पुरेना. दार उघडंच होतं.

"अगं, थांब! भिंगरे!" मास्तर दारापर्यंत आले, तोवर ती फळवाल्याला मागे टाकून औषधाच्या दुकानापाशी पोचली होती. तिने वळून बघितलं, बाबा दारात दिसले, तशी तिने आणखी वेग घेतला.

"बघत काय उभे राहिलात?" मागून बायको ओरडली. "पळा!"

मास्तरांनी पिशवी तिच्या हातात दिली, पळताना आपण कसे दिसू, लोक काय म्हणतील, हा सगळा विचार सोडून दिला, आणि पन्नाशी उलटून गेलेला तो माणूस भर बाजारातून, लोक वाट देत होते तसा, मुलीच्या मागे धावत सुटला.