कोब्यातलं पिंपळपान

"थांबवा हो ते!" कांबळे आबा ओरडले, तेव्हा माझ्या कारागिराचे निम्म्या किचनला टाचे मारून झाले होते.

टाचे म्हणजे छिन्नीने पाडलेले बारीक खड्डे. जुनी जमीन गुळगुळीत असते, खरवडल्याशिवाय ती वरचा माल धरत नाही. लोकांना वाटतं टाइलचं काम म्हणजे टाइल. अर्धं काम खालच्या जमिनीचं असतं आणि ते बघायला कुणी येत नाही.

आबा खडकीला फॅक्टरीत होते. रिटायर होऊन धायरीच्या घरात एकटेच राहतात. किचनला कोबा, म्हणजे घोटून केलेली सिमेंटची जमीन. आमच्याही घरी होता. उन्हाळ्यात अम्मी त्यावर ओलं फडकं फिरवून आम्हाला झोपवायची. तो गारवा टाइलला नाही, याची मला अजून हळहळ वाटते. लावतो मात्र टाइलच.

आबांचा कोबा भेगाळला होता. त्यात पाय अडकून ते पडले. मुलगी प्रज्ञा मला म्हणाली, "शेखकाका, जमीन सपाट झाली तरच आबांना इथे ठेवीन. नाहीतर माझ्या फ्लॅटवर नेते." आबांना फ्लॅट नको होता. म्हणून हा घाट.

कोपऱ्यातली जुनी मॅट नुकतीच ओढली होती. खाली निघालं पिंपळाचं पान, निळ्या बांगडीच्या काचांचं. कोबा ओला असताना आबांच्या बायकोने फुटक्या बांगड्यांचे तुकडे दाबून बसवले होते.

"मला वाटलं, झिजून गेलं," म्हणत आबा खालीच बसले. काचांवरून बोट फिरवत राहिले. "इथेच बसून तांदूळ निवडायची."

मी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. पोकळ जमीन भदभद वाजते, पक्की ठणठणते. पानाखाली पक्की होती.

"इथे टाचे मारत नाही, आबा. ॲडहेसिव्हने चिकटवू. पानाला धक्का लागणार नाही."

"मग ती टाइल कधी निघेल?"

"मी लावलेली? निघेल कशाला?"

"मग नको."

"अहो आबा," प्रज्ञा म्हणाली, "कोपरा सोडला तर तिथे खड्डा राहील. परत पडाल."

"पडू दे. तिला बुजवायचं नाही."

प्रज्ञा नाक ओढत गॅलरीत गेली.

मी टेप काढला. पान एका टाइलखाली मावत होतं, आणि कोपरा येण्याजाण्याच्या वाटेत नव्हता. बाकीचा पोकळ कोबा फोडून भरून काढला, उंचसखलपणा काढला, सगळीकडे एक लेव्हल केली. कोपऱ्यातली टाइल मात्र चाळलेल्या वाळूवर नुसती ठेवली. चिकटवली नाही, जॉइंटही भरले नाहीत. काच उचलायचा माझा सक्शन कप आबांना दिला. टाइलवर दाबायचा आणि उचलायचं.

दिवाळीनंतर त्या बाजूला गेलो होतो, म्हणून डोकावलो. आबा स्वतः चहा करत होते.

"उचलून पाहिली का?"

"एकदाच." त्यांनी गॅस बारीक केला. "सकाळी उचलली. परत ठेवायला संध्याकाळ झाली."

आमच्या धंद्यात पोकळ वाजणारी टाइल म्हणजे कारागिराला शिव्या. ही वाजते. तक्रार अजून आलेली नाही.