चारशे सतरा नंबरचा बिल्ला

राशिभविष्य मी भेळेच्या कागदावर छापून आलं तरच वाचतो, हे आधीच सांगून ठेवतो. साताऱ्यातल्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं ग्रंथपालकी केली. भुताखेतांची पुस्तकं आमच्याकडे अकरा नंबरच्या कपाटात असायची. ती तिथेच बरी, असं माझं मत होतं. अजूनही आहे... फक्त आता ते मोठ्या आवाजात सांगत नाही.

मागच्या वर्षी सांगलीजवळच्या एका खासगी विद्यापीठातून मला ग्रंथपालाच्या जागेसाठी बोलावणं आलं. (नाव लिहीत नाही. कारण शेवटी कळेल.) विद्यापीठ एका बंद सूतगिरणीत आहे. पूर्वी तिथे कापूस आत जायचा आणि सूत बाहेर यायचं. आता बारावी पास आत जातात आणि बी.टेक. बाहेर येतात. पाण्याच्या जुन्या टाकीवर 'ज्ञान हीच ऊर्जा' असं रंगवलंय. टाकीत पाणी नसतं.

सातारा सोडायची माझी अजिबात इच्छा नव्हती. सांगलीत उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात नदी, दोन्ही न बोलावता घरी येतात. पण माझी बायको वैशाली तिथली, आईबापांची एकुलती एक. सासूबाई गेल्यापासून तिचे वडील — आप्पा — सांगलीत एकटेच राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी त्यांनी याच गिरणीत, रिंगफ्रेम नावाच्या सूत काढायच्या मशीनवर उभं राहून केलेली. वैशालीनं आप्पांचं नावही काढलं नाही. नुसतं म्हणाली, "तुम्ही ठरवा."

हे वाक्य आलं की ठरवायचं काही उरलेलं नसतं, हे बावीस वर्षांच्या संसारात मला कळलं होतं. तरी मी ठरवलं — मुलाखतीला जायचं, चहा प्यायचा, आणि घरी येऊन सभ्य भाषेत नकार कळवायचा.

मुलाखतीच्या दिवशी आप्पांचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वैशाली त्यांच्याजवळ होती. मी एकटाच गेलो — हा तपशील लक्षात ठेवा.

कुलगुरूंनी जातीनं सगळा परिसर दाखवला. दर चार पावलांना 'हेरिटेज' म्हणत होते. दर्शनी हॉलमध्ये कुलूपबंद काचेच्या कपाटात गिरणीच्या गेटवरचे दोन लाकडी फळे होते, एक 'आत' आणि एक 'बाहेर'. कामगारानं येताना आपला पितळी बिल्ला 'आत'वर टांगायचा, सुटताना 'बाहेर'वर. अशी हजेरी. 'बाहेर'चा फळा गच्च भरलेला होता. 'आत'वर एकच बिल्ला होता, ४१७. कुणीतरी विसरलं असेल, असं म्हणून कुलगुरूंनी त्यावरून मला पाच मिनिटं कर्मयोग समजावला. कपाटाची किल्ली रजिस्ट्रारच्या कमरेला होती.

रात्री साताऱ्याला पोचलो, चष्म्याचं घर उघडलं, तर आत पितळी बिल्ला. ४१७.

सकाळी रजिस्ट्रारना फोन केला. ते बघून आले आणि आवाज उतरवून म्हणाले, कुलूप जागेवर आहे, खिळा रिकामा आहे. मग त्यांनी विचारलं, "सर, चुकून तुमच्याबरोबर आला का?" हा प्रश्न मी पंचवीस वर्षं पोरांना विचारत आलो होतो. मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला.

बिल्ला कुरियरनं पाठवला. पोचल्याचा फोटोही आला — 'आत'च्या फळ्यावर ४१७, पुढे काच, काचेला कुलूप. विषय संपला, असं समजलो.

पुढच्या रविवारी नकाराचं पत्र टाईप केलं. नोकरी घेतो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. वैशाली आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालायला सांगलीतच थांबली होती. घरात मी एकटा. पत्राची घडी घातली, नवाकोरा लिफाफा उघडला, तर आतून टेबलावर ठण्ण करून काहीतरी पडलं.

नंबर सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं सांगली गाठली. एका खिशात पत्र, एका खिशात बिल्ला. आप्पा काळा चष्मा लावून पडवीत बसले होते. मी बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला.

"आमचाच हाय."

मी विचारलं, सगळ्यांचे बाहेर आणि तुमचाच आत कसा?

"गिरणी बंद झाली त्या दिशी समद्यांनी भायेर लावलं. म्या न्हाई लावला. फुडच्या शिफ्टचा मानूस आल्याबिगर मशीन सोडायचं न्हाई, असा कायदा हाय. त्यो मानूस काय आला न्हाई."

"मग मी काय करू, आप्पा?"

"आवं जावईबापू, तुमी सातारचं. तुमाला कोन सांगनार?" मग हळूच म्हणाले, "एकट्या म्हाताऱ्यापायी कुनी गाव सोडायचं काम न्हाई. मी हाय तसा बरा हाय."

असं म्हणाले खरं, पण बिल्ला मुठीतून सोडला नाही. दारात वैशाली चहा घेऊन उभी होती. हातातला चहा गार झाला. नकाराचं पत्र आता मी पुस्तकात खूण म्हणून वापरतो.

मी रुजू झालो त्या दिवशी आप्पा धुतलेली टोपी घालून आले. रजिस्ट्रारनी कपाट उघडलं. आप्पांनी ४१७ स्वतःच्या हातानं 'बाहेर'वर टांगला आणि माझ्याकडे बघितलं.

"आलासा न्हवं? मग मी जातो."

कुलगुरू फोटोग्राफर घेऊन आले, तोवर ते गेटाबाहेर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेलो, तर ४१७ 'आत'. संध्याकाळी साडेपाचला निघालो, तर 'बाहेर'. कुलूप जसंच्या तसं. तेव्हापासून रोज हेच. रजिस्ट्रार म्हणतात माझा भास आहे, पण तेही हल्ली कपाटाकडे न बघता जातात. आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय म्हाईत? मी रिटायर हाय." विद्यापीठाचं अंगठ्यानं हजेरी घ्यायचं मशीन एव्हाना तीनदा बंद पडलं, हे एकदाही नाही.

गेल्या शुक्रवारी पाच वाजताच हळूच निघालो होतो. जाता जाता कपाटाकडे बघितलं. ४१७ अजून 'आत'च होता.

परत जाऊन अर्धा तास बसलो.